ग्रँड स्लॅमच्या आधी खरे दावेदार कसे ओळखायचे

टेनिसची ग्रँड स्लॅम (ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि यूएस ओपन या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी कुठलीही) जवळ आली की एकच चर्चा सुरू होते, यंदा पुरुषांमध्ये कोण मारणार, आणि बहुतेक जण काय करतात तर रँकिंग उघडतात, वरची पाच-सहा नावं उचलतात, त्यात आपला एक आवडता प्लेयर घुसवतात आणि झाली यादी तयार. मजा म्हणून ठीकच आहे ते, पण जरा नीट अंदाज बांधायचा असेल तर आधी प्रश्न बदला. "सध्या सगळ्यात भारी कोण" हे विचारूच नका. विचारा की या कोर्टवर, दोन आठवड्यांत, पाच सेटच्या सात मॅच लागोपाठ कोण काढू शकतो. या एका प्रश्नाने निम्मी नावं आपोआप गळतात.

आधी थोडं गणित, घाबरू नका, सोपंच आहे. समजा एखादा प्लेयर इतका जबरदस्त आहे की प्रत्येक मॅच जिंकायची त्याची शक्यता ९० टक्के. सात मॅच धरल्या तर पूर्ण स्पर्धा जिंकायची शक्यता निघते साधारण ४८ टक्के, म्हणजे निम्म्यापेक्षा कमी. ८५ टक्केवाला असेल तर ३२ च्या आसपास. त्यामुळे कोणी छातीठोकपणे "हाच जिंकणार" म्हणालं की समजायचं हा माणूस फॅन आहे, अंदाज बांधत नाहीये. मोठ्यातला मोठा फेव्हरिटसुद्धा बऱ्याचदा हरण्याच्याच बाजूला असतो, फक्त बाकीच्यांपेक्षा कमी.

दुसरा हिशोब पाच सेटचा. एका सेटमध्ये तुमची शक्यता ६० टक्के असेल तर तीन सेटच्या मॅचमध्ये ती ६५ च्या जवळ जाते आणि पाच सेटच्या मॅचमध्ये ६८ च्या. ७० टक्के असेल तर ७८ आणि ८४. म्हणजे फॉरमॅट लांबला की चांगल्या प्लेयरचा फायदा वाढतो. वर्षभराच्या बाकी टूरवर तीन सेट असतात, तिथे एखादा सर्व्हिसवाला (जोरदार सर्व्हिसच्या जिवावर खेळणारा) गरम झाला की दीड तासात कोणालाही उडवतो, ग्रँड स्लॅममध्ये त्याला तेच अजून एक सेट जास्त करायला लागतं आणि तिथेच तो अडकतो. म्हणून मास्टर्स (ग्रँड स्लॅमच्या खालोखालच्या मोठ्या स्पर्धा) जिंकणारा प्रत्येक जण स्लॅमचा दावेदार नसतो.

आता रँकिंग. रँकिंग म्हणजे मागच्या ५२ आठवड्यांच्या पॉइंट्सची बेरीज, बस. त्यात कोर्ट कुठलं ते धरत नाहीत, कोण आत्ता दुखापतीतून आलाय ते धरत नाहीत. सगळ्यात भारी उदाहरण जोकोविचचं. २०२२ ला त्याने विम्बल्डन जिंकली, पण रशिया-बेलारूसच्या प्लेयर्सवर बंदी होती म्हणून त्या वर्षी तिथे पॉइंट्सच दिले नाहीत, तर हा पठ्ठ्या ट्रॉफी उचलून तिसऱ्या नंबरवरून सातव्यावर घसरला. पुढच्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनला तो चौथा सीड (सीड म्हणजे रँकिंगवरून स्पर्धेत दिलेला मानाचा नंबर) होता आणि तीही जिंकला. म्हणून रँकिंग बघताना एवढंच बघा की हे पॉइंट्स कुठून आले. ग्रँड स्लॅम जिंकणाऱ्याला २००० मिळतात, फायनल हरणाऱ्याला १३००. कोणाचे निम्मे पॉइंट्स एकाच स्पर्धेतले असतील किंवा सगळे हार्ड कोर्टचे असतील आणि समोर क्लेवरची (मातीवरची) फ्रेंच ओपन असेल तर त्याच्या नंबरला फार भाव द्यायचा नाही.

सरफेस, म्हणजे कोर्ट हार्ड आहे, क्ले आहे की विम्बल्डनसारखं ग्रास (गवत), ही खरी चाळणी. नदालचा फ्रेंच ओपनचा रेकॉर्ड ११२ विजय, ४ पराभव आणि १४ टायटल असा आहे, आणि दुसऱ्या बाजूला सॅम्प्रस, १४ ग्रँड स्लॅम जिंकले पण पॅरिसला, म्हणजे फ्रेंच ओपनला, एकदाही नाही. आजचे प्लेयर तेव्हापेक्षा सगळीकडे बरे खेळतात हे खरं, तरी क्लेवर पाय सरकवत बॉलपर्यंत पोचणं आणि ग्रासवर खाली राहणारा बॉल उचलणं हे वेगवेगळे धंदे आहेत. त्यामुळे एकूण वर्षाचा विजय-पराजय न बघता फक्त त्या सरफेसचा मागच्या दोन वर्षांचा बघा, आणि त्यातही टॉप २० मधल्यांशी काय झालं ते वेगळं काढा.

वॉर्म-अप स्पर्धांचं, म्हणजे ग्रँड स्लॅमच्या आधी त्याच सरफेसवर होणाऱ्या स्पर्धांचं, मात्र जपून. लोक इथे सगळ्यात जास्त फसतात. २०२४ ला अल्काराझ लंडनच्या क्वीन्सला (ग्रासवरची वॉर्म-अप) दुसऱ्याच मॅचमध्ये ड्रेपरकडून हरला, सगळे म्हणाले ग्रासवर गडबड आहे, त्यानंतर काही आठवड्यांत विम्बल्डन त्यानेच जिंकली. २०२५ ला सिनर जर्मनीतल्या हालेच्या ग्रास स्पर्धेत दुसऱ्याच मॅचमध्ये बुब्लिककडून हरला, आणि त्या वर्षीची विम्बल्डनही त्यानेच मारली. जोकोविच तर २०१९, २०२१ आणि २०२२ ला सिंगल्सची एकही ग्रास स्पर्धा न खेळता विम्बल्डनला उतरला आणि तिन्ही वेळा जिंकला. म्हणजे मोठ्या प्लेयरचा वॉर्म-अपमधला एक पराभव म्हणजे काहीच नाही. उलट मधल्या फळीतला प्लेयर लागोपाठ दोन-तीन आठवडे त्याच सरफेसवर जिंकत आला असेल तर तिथे लक्ष द्या, त्याला लय सापडलेली असते.

आणि वॉर्म-अप सगळे सारखे नसतात. क्लेवर माद्रिद आणि रोम दोन्ही मास्टर्स, पण माद्रिद समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटर उंचीवर आहे, हवा विरळ, बॉल सुसाट जातो, सर्व्हिसवाले तिथे खुश असतात. पॅरिसचा अंदाज घ्यायचा तर रोम आणि मॉन्टे कार्लो जास्त कामाचे. ग्रासला तर फ्रेंच ओपन आणि विम्बल्डनच्या मध्ये जेमतेम तीन आठवडे, त्यामुळे माहितीच कमी मिळते, तिथे मागच्या वर्षांचा रेकॉर्ड जास्त धरायचा. यूएस ओपनच्या आधी कॅनडा आणि सिनसिनाटी बघा. ऑस्ट्रेलियन ओपन सगळ्यात अवघड, सीझन नुकताच सुरू झालेला असतो, कोणी सुट्टीत काय केलंय कोणालाच माहीत नसतं.

पाच सेटचा अनुभव म्हणजे नुसता दमसास नाही. कोण दोन सेट मागे पडून परत आलाय, कोण दोन सेट पुढे असताना हरलाय, हे आठवून बघा. २०२५ ची फ्रेंच ओपन फायनल, सिनरकडे तीन चॅम्पियनशिप पॉइंट्स (एक घेतला की ट्रॉफी), अल्काराझने तिन्ही वाचवले आणि ५ तास २९ मिनिटांनी पाचव्या सेटच्या टायब्रेकमध्ये (६-६ झाल्यावर खेळतात तो) मॅच काढली. असं एकदा करून दाखवलेल्या माणसाला मी कायम दोन-तीन टक्के वाढवून देतो. उलट बाजूला झ्वेरेव्ह (फॅन्सनी चिडू नका, मलाही आवडतो), २०२० ची यूएस ओपन, २०२४ ची फ्रेंच, २०२५ ची ऑस्ट्रेलियन, तीन फायनल आणि तिन्ही गेल्या, त्यातली पहिली तर दोन सेट पुढे असताना. सेमीफायनलपर्यंत तो हमखास नाव असतो, पुढचं वेगळं धरायचं.

छुपे रुस्तम, म्हणजे डार्क हॉर्स, शोधायचीही एक पद्धत आहे. लोकांना वाटतं ते आकाशातून पडतात. वावरिंका २०१४ ची ऑस्ट्रेलियन जिंकला तेव्हा सगळे चकित, पण त्याच्या आदल्या वर्षी त्याच स्पर्धेत तो जोकोविचशी पाचव्या सेटमध्ये १२-१० ने हरला होता आणि यूएस ओपनच्या सेमीलाही जोकोविचशीच पाच सेट खेळला होता. चिलिच २०१४ ची यूएस ओपन १४ वा सीड म्हणून जिंकला, त्याच्या दोनच महिने आधी विम्बल्डनच्या क्वार्टरफायनलला त्यानेही जोकोविचला पाच सेट खेळायला लावलं होतं. इवानिसेविच २००१ ची विम्बल्डन वाइल्ड कार्डवर (आयोजकांनी दिलेल्या खास एंट्रीवर) येऊन जिंकला, रँकिंग १२५, पण विम्बल्डनच्या तीन फायनल आधीच खेळून झालेल्या. म्हणजे शोधायचं काय, तर जो मागच्या वर्षभरात टॉपच्या माणसाला पाच सेटपर्यंत घेऊन गेलाय किंवा त्याच कोर्टवर आधी खोल गेलाय तो. नुसता "या वर्षी चांगला खेळतोय" एवढ्यावर नाव टाकू नका.

फिटनेसचं आणि थकव्याचं. २०२४ ला ऑलिम्पिकची फायनल जोकोविच आणि अल्काराझ खेळले, दोन टायब्रेक, दोघांनी जीव ओतला. यूएस ओपनला अल्काराझ दुसऱ्या राउंडला व्हॅन डी झांडस्कल्पकडून तीन सेटमध्ये बाहेर आणि जोकोविच तिसऱ्या राउंडला पॉपिरिनकडून. आधीच्या दोन महिन्यांत कोण किती खेळलाय, किती सरफेस बदललेत, हे कॅलेंडर उघडून पाच मिनिटांत कळतं, तरी कोणी बघत नाही. दुखापतीच्या बातम्यांवर मात्र आंधळा विश्वास नको, दोन्ही बाजूंनी. जोकोविचने २०२४ च्या जूनमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन केलं आणि त्याच विम्बल्डनची फायनल खेळला. तोच २०२५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला पाय दुखत असताना अल्काराझला हरवून सेमीला गेला आणि तिथे पहिला सेट झाल्यावर मॅच सोडायला लागली. दुखापतवाला एखादी मॅच मारू शकतो, सात मारणं वेगळं.

हे सगळं झालं की यादी लिहून ठेवा, ड्रॉ (कोण कुठे कोणाशी खेळणार त्याचा तक्ता) निघायच्या आधी. हे महत्त्वाचं आहे. ड्रॉ बघून यादी करायला बसलात की सोप्या बाजूचा प्लेयर उगाच मोठा वाटायला लागतो. ड्रॉ साधारण स्पर्धेच्या दोन-चार दिवस आधी निघतो, तेव्हा फक्त टक्के वर-खाली करायचे.

ड्रॉ वाचायचा कसा ते सांगतो. १२८ प्लेयर, ३२ सीड. पहिला आणि दुसरा सीड ड्रॉच्या वेगवेगळ्या हाफमध्ये (अर्ध्या भागात), म्हणजे फायनलच्या आधी भेट नाही. तिसरा आणि चौथा कुठल्या हाफमध्ये जाणार ते चिठ्ठीवर, पाच ते आठ कुठल्या क्वार्टरमध्ये (पाव भागात) तेही चिठ्ठीवर. सीड एकमेकांना तिसऱ्या राउंडच्या आधी भेटत नाहीत आणि पहिल्या आठ जणांना तिसऱ्या राउंडला २५ ते ३२ मधलाच कोणी मिळतो. त्यामुळे खरा फरक पडतो तो तीन ते आठ नंबरवाल्यांना. २०२४ आणि २०२५ मिळून आठही ग्रँड स्लॅम सिनर आणि अल्काराझने चार-चार वाटून घेतल्या, अशा काळात सहाव्या सीडचा प्रश्न एवढाच असतो की या दोघांतला पहिला त्याला क्वार्टरला भेटतोय की सेमीला. जिंकायचं तर बहुतेक दोघांनाही हरवावं लागणार, म्हणून अशा प्लेयरला १० टक्के देतानाही मी दोनदा विचार करतो.

मग बिनसीडवाले बघा, पहिल्या दोन राउंडमध्ये कोण बसलाय. २०२४ च्या फ्रेंच ओपनला नदाल बिनसीड होता आणि पहिल्याच राउंडला झ्वेरेव्हच्या वाट्याला आला. झ्वेरेव्ह जिंकला आणि फायनलपर्यंत गेला, म्हणजे खडतर ड्रॉ आला म्हणून लगेच नाव खोडायचं नाही. पण ग्रासवर सर्व्हिसवाला समोर आला तर खरंच भीती असते. २०२५ च्या विम्बल्डनला पुरुषांचे १३ सीड पहिल्याच राउंडला घरी गेले, त्यात झ्वेरेव्ह, मुसेटी, मेदवेदेव सगळे.

आकड्यांमध्ये फार खोल जायची गरज नाही. फेडररने २०२४ ला अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात सांगितलं होतं की त्याने १५२६ सिंगल्स मॅचपैकी जवळपास ८० टक्के जिंकल्या पण पॉइंट्स फक्त ५४ टक्के. म्हणजे एक-दोन टक्क्यांचा फरकही प्रचंड असतो. मी दोनच गोष्टी बघतो, सेकंड सर्व्हवर (पहिली सर्व्ह चुकल्यावरच्या) निम्म्याहून जास्त पॉइंट्स जिंकतोय का आणि रिटर्नवर, म्हणजे समोरच्याच्या सर्व्हिसवर, किती गेम तोडतोय. ब्रेक पॉइंट (हरला तर स्वतःच्या सर्व्हिसचा गेम जातो असे पॉइंट) किती वाचवले हा आकडा सोडून द्या, महिन्याला बदलतो.

हेड-टू-हेड, म्हणजे दोघांचा आपसातला रेकॉर्ड, फक्त त्याच सरफेसचं आणि अलीकडचं बघा, सहा वर्षांपूर्वीच्या इनडोअर मॅचचा काही उपयोग नाही. हवामानाचं एकच, छत असलेल्या कोर्टवर मोठे सीड खेळतात, पाऊस पडला तरी त्यांची मॅच वेळेत संपते, बाहेरच्या कोर्टवाल्यांना मग रोज खेळायची वेळ येते.

शेवटी टक्के वाटा, सगळ्यांचे मिळून बरोबर १००. "बाकीचे सगळे" यांच्यासाठीही एक खाना ठेवा, त्यात पाच-दहा तरी टाका. हे केलं की आपोआप कळतं की आपण किती जणांना उगाच १५-२० टक्के देत होतो.

दुसऱ्या सोमवारी यादी परत काढा. तोपर्यंत १६ जण किंवा त्याहून कमी उरलेले असतात, आणि आता रँकिंग-बिँकिंग विसरून कोर्टवर किती तास घालवले ते बघा. २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला मेदवेदेव एक मॅच पहाटे साडेतीननंतर संपवून, तीन पाच-सेटर खेळून फायनलला पोचला, सिनर तिथपर्यंत एकच सेट हरला होता. फायनलला मेदवेदेव दोन सेट पुढे गेला, आणि पुढचे तिन्ही सेट सिनरने घेतले.