झेंडूची कळी कुजतीय, आत अळी पण हाय, मग हे करा
आमच्या तासगावकडं दसऱ्याच्या तोंडावर पाऊस आला की झेंडूची कळी तपकिरी पडून कुजतीच. आधी ती कळी देठापासनं मोडून बघा, आत हिरवी अळी नायतर काळी ओली विष्ठा दिसली तर घाटेअळीनं भोक पाडलंय आणि त्याच भोकातनं पाणी आत जाऊन कूज लागलीय, म्हणजे नुसतं बुरशीनाशक मारून पैसे पाण्यात. अळ्या सकाळी हातानं वेचा, कुजक्या कळ्या पिशवीत भरून रानाबाहेर पुरा, बांधावर टाकू नका (सगळे तेच करत्यात!). बीटी पावडर (अळी मारणाऱ्या जिवाणूची) मारायची तर संध्याकाळीच, उन्हात तिचा जोर जातो. एकरी ५ कामगंध सापळे (मादीच्या वासानं घाटेअळीचे नर पतंग पकडणारे) लावा. पाणी ड्रिपनंच द्या, वरनं नको.