मैत्रीच्या इंग्रजीत 'पाठ' कुठे, 'मेट' कुणाला?

'आय हॅव गॉट युअर बॅक' ऐकून गोंधळू नका. मराठीतलं 'मी तुझ्या पाठीशी आहे' तेच हे. पण 'बिहाइंड माय बॅक' म्हटलं की अर्थ उलटतो: माझ्या अपरोक्ष, बहुधा दगाफटका. म्हणून 'बॅक' ऐकताच थांबू नका, आधीचे शब्दही पकडा.

'वी हिट इट ऑफ' यात मारामारी नाही. पहिल्याच भेटीत गट्टी जमली, एवढंच. भूतकाळातही 'हिट'च राहतं. 'वी गो वे बॅक' म्हणजे जुनी ओळख. इथे जुन्या गोष्टीसाठी वर्तमानकाळ वापरतात, म्हणून 'वेंट' करू नका, नाहीतर कुठेतरी मागे गेल्यासारखं वाटतं.

सगळ्यात जास्त चूक होते ती इथे. 'वी फेल आउट' म्हणजे भांडण होऊन फाटलं; 'वी ड्रिफ्टेड अपार्ट' म्हणजे न भांडता अंतर वाढलं. दुरावलेल्या मित्राबद्दल पहिलं वापरलंत, तर समोरचा भांडणाचं कारण विचारेल. समेटाला 'वी मेड अप'.

ब्रिटन-ऑस्ट्रेलियात 'मेट', म्हणजे मित्रा, अनोळखी माणसालाही म्हणतात. मात्र 'लुक, मेट' असं तुटक सुरू झालं, तर बोलणारा बहुतेक वैतागलेला असतो.