वाडीत आमवाताचे किती? मोजायची माझी रीत

देवगड तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून मी 28 वर्षं काढली. वाडीतले संधिवाताचे पेशंट मोजायला पहिल्यांदा निघाले, तेव्हा वहीत 61 नावं भरली. डॉक्टरांनी वही चाळली नि म्हणाले, "बाई, ही तर मतदारयादी झाली." त्यांनी एकेकाला तपासलं, तेव्हा खऱ्या आमवाताचे, म्हणजे शरीराची संरक्षणव्यवस्थाच सांध्यांवर उलटते त्या 'रुमेटॉइड आर्थ्रायटिस'चे (आरए), तिघंच उरले. बाकीच्यांत कुणाचे गुडघे झिजलेले, कुणाची कंबर धरलेली, कुणाचा चिकुनगुन्या सांध्यांत रेंगाळलेला. आपल्याकडे काहीही दुखलं की 'वात', म्हणून मोजणी पहिल्याच घरी फसते.

आधी माणसं मोजा, मग रोगी. वर्षभर इथेच राहणारी, 18 वर्षांवरची माणसं तेवढी धरा. चतुर्थीत आणि मे महिन्यात वही उघडूच नका. चाकरमानी आले की घरटी चार डोकी वाढतात नि हिशेब बिघडतो. मी भातकापणी उरकल्यावर निघते. वयाचा रकाना हवाच. पोरं मुंबईला, म्हातारी माणसं घरी, अशी आपली वाडी. हा आजार बहुतेक तिशीच्या पुढे धरतो, त्यामुळे आपला आकडा मुंबईच्या चाळीपेक्षा चढा आला तरी आजार इथे जास्त आहे असं होत नाही.

आता प्रश्न. "तुम्हाला संधिवात आहे का?" असं विचाराल तर सगळे हो म्हणतील. विचारायचं ते असं: सकाळी उठल्यावर मूठ वळते का? नाही, तर किती वेळाने वळते? घड्याळाची वेळ कुणाला सांगता येत नाही, म्हणून मी कामावर विचारते. चहा उकळेपर्यंत हात मोकळे झाले तर बहुधा झीज. भाकऱ्यांची वेळ झाली तरी बोटं आखडलेलीच, म्हणजे तासभर किंवा जास्त, तर कान टवकारा. एका काकीने मला सांगितलेलं, "गरम पाण्यात हात बुडवल्याशिवाय माका भाकरी थापूक जमणा नाय." ते मी तसंच वहीत लिहिलं. डॉक्टरांना त्या एका वाक्यावरून जे कळलं ते माझ्या अख्ख्या तक्त्यावरून कळलं नव्हतं.

मग हात हातात घ्या. नखाजवळच्या पेरावर गाठ असेल नि ती काजूच्या बीसारखी टणक लागली, तर ती झीज. आमवात बहुधा मनगट, बोटांची मुळं आणि मधली पेरं धरतो, दोन्ही हातांची. सूज दाबली की पिकल्या करवंदासारखी मऊ लागते. बोटांच्या मुळांशी पंजा आडवा धरून हलकेच आवळला तरी बाई हात ओढून घेते. जोर लावू नका, मी एकदा लावला नि शिव्या खाल्ल्या. असं सहा आठवडे टिकलेलं असेल तर नाव लिहा. आधी ताप येऊन सुरू झालं का, हेही विचारा. चिकुनगुन्या कित्येक महिने हुबेहूब आमवातासारखा वागतो.

सगळ्यांचं रक्त तपासायच्या फंदात पडू नका. 'आरए फॅक्टर' ही आमवातासाठीची रक्ततपासणी ठणठणीत म्हाताऱ्यांतही कधी पॉझिटिव्ह येते, आणि काही खऱ्या रोग्यांत येतच नाही. निदान डॉक्टरांचं, आपली फक्त चाळणी.

बायकांत हा आजार पुरुषांच्या दोन-तीन पट. पण पुरुष वहीत कमी सापडतात त्याचं एक कारण आपणच. सकाळी दहाला गेलं तर खलाशी समुद्रावर नि बागवाले कलमांत. माझी पुरुषांची फेरी संध्याकाळी, जेटीवर.

आता आकड्याचं करायचं काय? पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये 1996 पासून घरोघर पाहणी झाली. तिथे साधारण दर 200 प्रौढांमागे एक आमवाताचा निघाला. तुमच्या वाडीत 300 प्रौढ असतील तर अपेक्षा दीड माणसाची! म्हणजे अशा पाच वाड्यांपैकी एकीत कुणीच सापडणार नाही, नि एखादीत चार सापडतील, आणि दोन्हींवरून काही सिद्ध होणार नाही. माझे तिघंही त्यातलेच. "आमच्या पाण्यातच वात आहे" असं म्हणायच्या आधी चार गावं एकत्र करा.

मोठ्या आकड्यांची गोष्ट निराळी. नायजेरियाच्या ग्रामीण भागात सुमारे 2000 जण तपासले, एकही सापडला नाही. ही पाहणी 1993 साली छापून आली. भिगवणच्या हिशेबाने तिथे दहाएक निघायला हवे होते, तेव्हा हे शून्य वजनदार. उलट अमेरिकेत ॲरिझोनातल्या पिमा आदिवासींमध्ये शंभरात पाचच्या आसपास निघाले. रक्तातच असणार, असं वाटतं ना? मलाही वाटलं. पण त्याच पिमांमध्ये पुढच्या काही दशकांत नवे रोगी कमी होत गेले, नि तेवढ्यात कुणाचं रक्त बदलत नाही. राहणीचाही हात असतोच. त्यातली बिडी-सिगारेट तर पक्की ठरलेली, म्हणून वहीत तोही रकाना आहे.

एक चूक मात्र मला अजून खटकते. एका वहिनीला मी 'नाही' म्हणून सोडलं होतं. मूठ वळते, सूज नाही, सगळं बरं. उठताना स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरकडे लक्ष गेलं. दर रविवारी पेनाने गोल केलेला. मेथोट्रेक्झेट, ही आमवातावरची गोळी, आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर जिवावर बेतते, म्हणून मुलाने गोल करून ठेवलेले. औषधाने बरी वाटणारी बाई माझ्या प्रश्नांतून सरळ निसटली होती. तेव्हापासून "पूर्वी कधी असं झालेलं का, गोळी चालू आहे का?" हे विचारते, नि तरीही पाणी मागायच्या निमित्ताने आत जाऊन भिंतीवरचे रविवार बघून येते.