रोम का बुडालं? कमेंट टाकायच्या आधी या चुका टाळा

रोमवरून कुणाशी वाद झाला की मी आधी एकच विचारतो, कधीचं रोम? कारण परंपरेप्रमाणे शहर वसलं इ.स.पू. ७५३ ला आणि पश्चिमेतला शेवटचा सम्राट गेला इ.स. ४७६ ला, म्हणजे झाली की बाराशेच्या वर वर्षं, आणि आपण ती सगळी एकाच पातेल्यात ढवळतो. सातवाहनांची गोष्ट कुणी यादवांच्या नावावर खपवली तर आपल्याला लगेच खटकेल, पण रोम असलं की सगळं चालतं. मी पण यातलाच, कॉलेजच्या प्रेझेंटेशनमध्ये ज्युलियस सीझरला बिनधास्त पहिला रोमन सम्राट करून टाकला होता आणि सरांनी भर वर्गात थांबवलं.

तर सीझर सम्राट नव्हता. तो तहहयात डिक्टेटर झाला, त्यावरून सिनेटर बिथरले आणि इ.स.पू. ४४ मध्ये त्याला भोसकलं. पहिला सम्राट ऑगस्टस, इ.स.पू. २७ पासून. घोळ होतो कारण पुढे सीझर हे नावच पदवी झालं, त्यामुळे कुठे नुसता 'सीझर' दिसला तर आधी साल बघा.

देवांच्या बाबतीत चूक वेगळी. 'रोमन देव म्हणजे ग्रीक देवांची कॉपी, फक्त नावं बदलली' हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय! झ्यूस-ज्युपिटर जोडी लावणं सोपं आहे हो, पण दाराचा आणि आरंभाचा दोन तोंडांचा देव जेनस घ्या, त्याला ग्रीकांकडे जोडीदारच नाही. शिवाय घर राखणारे लारेस असायचे, पॉम्पेईतल्या घरांत त्यांचे कोनाडे आजही दिसतात आणि आपल्या देव्हाऱ्याची आठवण येतेच (म्हणून लगेच 'रोमन मूळचे आपलेच' अशी पोस्ट फिरवू नका). त्यांच्याकडे मनात काय मानता यापेक्षा विधी बिनचूक झाला का याला जास्त महत्त्व, चुकला तर परत पहिल्यापासून. लढाईआधी पवित्र कोंबड्या दाणे टिपतात का ते बघायचे. इ.स.पू. २४९ मध्ये सिसिलीतल्या ड्रेपानाला समुद्री लढाईआधी कोंबड्या खाईनात, तर सेनापती क्लॉडियस पुल्करने 'खात नाहीत ना, मग पिऊ देत' म्हणून समुद्रात फेकल्या आणि लढाई सपशेल हरला, असं रोमन लेखक सांगतात. लोकांनी हार कुणाच्या माथी मारली असेल ते सांगायला नको.

आणि सम्राट कॉन्स्टंटाइनने ख्रिश्चन धर्म राजधर्म केला हेही चूकच. ३१३ मध्ये त्याने आणि सहसम्राट लिसिनियसने मिळून फक्त मोकळीक दिली, राजधर्माचा हुकूम ३८० चा, सम्राट थिओडोसियसच्या वेळचा.

आता ऱ्हास, जिथे सगळ्यात जास्त गडबड होते. ४७६ ला रोम शहर पडलं असं कुणी म्हणालं तर विचारा, राजधानी कुठे होती? साम्राज्याचे तेव्हा पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग होते, आणि पश्चिमेची राजधानी उत्तर इटलीतल्या रावेन्नाला, ४०२ पासून. अलारिकच्या गॉथ टोळ्यांनी रोम लुटलं ४१० ला, तेव्हाही सम्राट होनोरियस रावेन्नातच सुखरूप होता. ४७६ ला एवढंच झालं की जर्मन वंशाच्या सेनापती ओडोअ‍ॅसरने रोम्युलस ऑगस्टुलस नावाच्या पोराला गादीवरून उतरवलं आणि पेन्शन देऊन घरी बसवलं. पूर्वेचं साम्राज्य कॉन्स्टँटिनोपलमधून चालूच होतं, थेट १४५३ पर्यंत, आणि तिथले लोक स्वतःला रोमनच म्हणायचे.

कारणांची गाडी अडली की इथेच टेस्ट मिळते. शिशाच्या पाण्याच्या पाइपांमुळे झालेली विषबाधा, ऐषाराम, ख्रिश्चन धर्म, जे काय एकच कारण तुमच्या मनात असेल ते पूर्वेला लावून बघा. ख्रिश्चन धर्म तर पूर्वेत जास्तच मुरलेला, मग ते हजार वर्षं कसं टिकलं? मला स्वतःला पैशाची बाजू जास्त पटते. तिसऱ्या शतकात नाण्यातली चांदी घटत घटत नावापुरती उरली, ती घडी नंतर बसवली कशीबशी, पण ३७८ ला एड्रियानोपलला सम्राट व्हॅलेन्ससकट फौज कापली गेली, ४०६ च्या शेवटी टोळ्या ऱ्हाइन ओलांडून आल्या, आणि ४३९ ला व्हँडल टोळीने उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज शहर घेतलं तेव्हा तिथलं धान्य आणि कर दोन्ही गेले. कर नाही तर सैनिकाला पगार नाही, पगार नाही तर अजून प्रांत जाणार, चक्रच ते. पूर्वेकडे इजिप्तचा पैसा तेव्हा शाबूत होता, फरक तिथे पडला.

शेवटची चूक खास आपल्याकडची. 'रोमचं सगळं सोनं भारतात आलं म्हणून रोम बुडालं.' रोमन लेखक प्लिनीने लिहिलंय खरं, की भारत दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो. पण प्लिनी मेला ७९ साली व्हेसुव्हियसच्या उद्रेकात, पश्चिम साम्राज्य गेलं त्यानंतर जवळपास चारशे वर्षांनी! शिवाय भारतातून येणाऱ्या मालावर रोम २५ टक्के जकात घ्यायचं, म्हणजे खजिन्यात उलट भरच. व्यापार होता हे मात्र शंभर टक्के, आपलं पैठण आणि तेर त्या काळच्या ग्रीक दर्यावर्दी टिपणात आहेत, आणि कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेला पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाचा छोटासा ब्राँझ पुतळा तिथल्याच टाउन हॉल म्युझियममध्ये आहे, जाऊन बघा.