बीआरएसटी क्वांटायझेशन : या चुका टाळा

बेकी, रुए व स्टोरा यांनी आणि स्वतंत्रपणे त्युतिन यांनी १९७५ च्या सुमारास मांडलेली बीआरएसटी पद्धत (गेज सिद्धांतांचे, म्हणजे ज्यांत एकाच भौतिक स्थितीची अनेक गणिती रूपे असतात त्यांचे, क्वांटीकरण करण्याची रीत) सुटसुटीत दिसते आणि घाई करणारे तिथेच फसतात. सोलापुरात एम.एस्सी.च्या मुलांच्या वह्या पाहताना सर्वाधिक आढळते ती चिन्हाची चूक. बीआरएसटी रूपांतर स्वतःच विषम (म्हणजे दुसऱ्या विषम राशीशी क्रम बदलला की चिन्ह बदलणारे) असल्याने गुणाकारात ते घोस्ट (या पद्धतीत जोडलेले विषम साहाय्यक क्षेत्र) ओलांडून पुढच्या पदावर गेले की वजा चिन्ह येते, आणि नेमके तेच गळते.

एका उन्हाळ्यात सात रस्त्याजवळ राहणारा एक हुशार विद्यार्थी वही घेऊन आला. घोस्टवर रूपांतर दोनदा लावल्यास शून्य येते, हे त्याने दोन ओळींत दाखवले होते. लॅग्रांजियनमध्ये (ज्या राशीतून गतिसमीकरणे निघतात तिच्यात) मात्र बी क्षेत्राचे, म्हणजे गेजची अट घालणाऱ्या साहाय्यक क्षेत्राचे, एक पद दुपटीने उरत होते, आणि त्याचा सगळा राग सममिती गटाच्या रचना-स्थिरांकांवर होता. खरा रोग त्या पहिल्या दोन ओळींतच होता. वजा चिन्ह गाळल्यामुळे तिथली दोन पदे आपसूक कटत होती. योग्य चिन्हाने ती एकत्र येऊन दुप्पट होतात आणि शून्य मिळवायला जॅकोबी नित्यसमानता (त्या स्थिरांकांमधले नेहमी खरे असणारे नाते) वापरावीच लागते. त्याच्या वहीत जॅकोबीचे नावही नव्हते, तरी त्याला शंका आली नाही. मी प्रत्येक पदाखाली पेन्सिलीने त्याचा घोस्ट अंक (घोस्टची संख्या वजा त्यांच्या जोडीदार अँटीघोस्टची संख्या) लिहितो. वेळ जातो, पण जाऊ द्यावा.

बी क्षेत्र सुरुवातीलाच काढून टाकणे हा दुसरा आवडता शॉर्टकट. तसे केल्यास अँटीघोस्टवर रूपांतर दोनदा लावल्यावर शून्य मिळते ते केवळ घोस्टचे गतिसमीकरण वापरूनच. सिद्धता पूर्ण होईपर्यंत बी राहू द्यावे.

क्वांटम विद्युतगतिकीत घोस्ट सुटे (कशाशीही आंतरक्रिया न करणारे) राहतात ते रेषीय गेजमध्ये. हा अनुभव यांग-मिल्समध्ये (ग्लुऑनसारखी क्षेत्रे आपापसांतही आंतरक्रिया करतात त्या सिद्धांतात) नेऊ नये. फाइनमन गेजमध्ये ग्लुऑनच्या एका लूपच्या अनंत भागात k²gμν आणि kμkν या पदांचे सहगुणक (समाईक गुणक सोडून) १९/१२ आणि उणे ११/६ येतात, म्हणजे स्वयंऊर्जा ट्रान्सव्हर्स (संवेग k ला लंब) राहत नाही. घोस्ट लूपचे १/१२ आणि १/६ मिळवल्यावरच ५/३ आणि उणे ५/३ अशी जोडी जमते. ही बेरीज प्रत्येकाने एकदा तरी हाताने करावी, संगणकाने नव्हे.

बीआरएसटी प्रभार (या रूपांतराचा जनक) ज्या अवस्थेला शून्य करतो ती भौतिक, एवढ्यावर थांबू नये; त्या प्रभाराच्याच क्रियेतून निघालेल्या अवस्थांचा फरक शून्यवत मानून वर्ग पाडावे लागतात.