छत काढून, काचा खाली करून ऑफ-रोड गाडी चालवताय? या चुका टाळा

छताची पॅनल काढता येणारी गाडी पहिल्यांदा हातात आली की माणूस एक गोष्ट गृहीत धरतो: छत उघडं म्हणजे हवा खेळती, आणि हवा खेळती म्हणजे काळजी नाही. प्रत्यक्षात एक पॅनल काढलं किंवा एक काच खाली केली, तरी गाडीतली हवेची वाट बदलते. कानाला दडे बसणं, मागून धूळ येणं, धुराचा वास, अगदी पॅनल उडून जाणंसुद्धा, बहुतेक तक्रारी त्या बदललेल्या वाटेतूनच येतात. त्यामुळे काय काढायचं यापेक्षा हवा कुठून शिरणार आणि कुठून बाहेर पडणार, हे आधी ठरवायला हवं.

पॅनल बसलंय असं समजून निघणं

ही सगळ्यात धोक्याची चूक, आणि ती माझ्याकडूनही झालेली आहे. ट्रेलवरून, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या वाटेवरून उतरलो तेव्हा आभाळ भरून आलं होतं. घाईघाईत पुढची दोन्ही पॅनल लावली आणि डांबरी रस्त्याला लागलो. ताशी ६० पर्यंत काहीच जाणवलं नाही. ८० च्या आसपास डोक्यावर बारीक टकटक सुरू झाली. शेजारी बसलेल्या धाकट्या भावाने वर हात लावला आणि म्हणाला, "दादा, हे वरखाली होतंय." गाडी बाजूला घेऊन पाहिलं. पुढच्या कोपऱ्यातला लॅच पूर्ण फिरलेला होता, पण त्याची आकडी खाचेत शिरलीच नव्हती. रबरी सील आणि विंडशील्डची चौकट यांच्यामध्ये करंगळी जाईल एवढी फट होती.

छतावरून वेगाने जाणाऱ्या हवेमुळे वरचा दाब कमी होतो. खिडकी उघडी असेल तर आतला दाब पॅनलला खालून ढकलतो. शिवाय हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ताशी ५० वरून १०० वर गेलात तर तो दुप्पट नाही, चौपट होतो. गावातल्या वेगात गप्प बसलेलं पॅनल महामार्गावर उचललं जातं ते यामुळेच. आणि ते मागच्या गाडीच्या काचेवर जाऊन आदळू शकतं, हे विसरून चालणार नाही.

म्हणून लॅच फिरला यावर विश्वास ठेवू नका. आत बसून प्रत्येक कोपऱ्याला तळहाताने खालून वर जोर द्या, मग बाहेर उभं राहून कडा एका रेषेत आहेत का ते बघा. आठ-दहा किलोमीटर गेल्यावर थांबून पुन्हा एकदा तेच करा. ज्या पॅनलची कड दुसऱ्यावर चढते, ते काढताना आधी काढायचं आणि लावताना शेवटी लावायचं. हा क्रम चुकला की लॅच लागतात, पण मधला सांधा नीट बसत नाही.

मागची एकच काच उघडणं

मागची एक काच खाली केली आणि बाकी सगळं बंद असलं, की गाडीत धप-धप-धप असा दाब सुरू होतो. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती घुमते, तसंच हे आहे. याला हेल्महोल्ट्झ अनुनाद म्हणतात. गाडीची पोकळी मोठी असल्यामुळे ही कंपनं फार खालच्या वारंवारितेची असतात, साधारण २० हर्ट्झच्या आसपास. त्यामुळे ती कानाला नीट ऐकू येत नाहीत, पण कानाच्या पडद्यावर दाब देतात. लहान मुलं चिडचिड करू लागतात ती कधीकधी यामुळेही, आणि आपण दोष ऊन्हाला देतो.

उपाय सोपा आहे: हवेला दुसरी वाट द्या. पुढची एखादी काच दोन-तीन बोटं खाली करा. फक्त पुढची पॅनल काढलेली आणि मागचं हार्डटॉप (टणक छत) तसंच असेल, तरीही हाच प्रकार होतो. तिथे मागच्या काचा थोड्या उघडून बघा, नाहीतर विंडशील्डच्या वरच्या कडेला वारा वळवणारा डिफ्लेक्टर लावा.

मागची वरची काच उघडी ठेवून चालवणं

लांब सामान बाहेर काढण्यासाठी म्हणा किंवा हौस म्हणून, बरेच जण डिकीची काच वर करून निघतात. कृपया असं करू नका. धावत्या गाडीच्या मागे कमी दाबाचा भोवरा तयार होतो, आपल्याच सायलेन्सरचा धूर त्यात घुटमळतो आणि उघड्या काचेतून आत ओढला जातो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नाही. डोकं जड होणं, मळमळ, पेंग येणं ही लक्षणं प्रवासाच्या थकव्यासारखीच वाटतात, त्यामुळे लक्षात यायला उशीर होतो. कोणाचं डोकं दुखायला लागलं तर गाडी थांबवून सगळ्यांना आधी बाहेर मोकळ्या हवेत न्या. मागची काच उघडी ठेवून चालवणं अगदीच टळत नसेल, तर बाकीच्या काचा बंद ठेवा, ब्लोअर पूर्ण वेगात आणि रिसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवत राहणं) बंद ठेवा, म्हणजे बाहेरची ताजी हवा पुढून आत येत राहील.

धुळीचंही गणित हेच. "थोडीशीच काच उघडी आहे" म्हणणाऱ्यांच्या गाडीत धूळ जास्त साचते, कारण मागचा भोवरा धूळ उचलून पुढे आणतो आणि ती फटीतून शिरते. धुळीच्या रस्त्यावर छत आणि काचा बंद करून ब्लोअर बाहेरच्या हवेवर ठेवा. आत दाब किंचित जास्त राहिला की धूळ बाहेरच थांबते. पुढच्या गाडीच्या धुरळ्यात सापडलात तरच थोडा वेळ रिसर्क्युलेशन लावा, आणि त्याहून बरं म्हणजे अंतर वाढवा.

हात बाहेर

उघड्या खिडकीवर कोपर टेकवून चालवण्याची सवय डांबरी रस्त्यावरही वाईटच, ट्रेलवर तर हात गमावायची. गाडी एका बाजूला कलंडू लागली की शरीर आपोआप हात बाहेर काढून आधार शोधतं. विचार करायला वेळच मिळत नाही. काही टनांची गाडी हाताने सावरत नाही. बरोबर बसलेल्यांना निघण्यापूर्वीच सांगा: तोल गेला तर आतलं हँडल धरायचं, रोल केजचा (गाडी उलटल्यास आतल्यांना वाचवणाऱ्या लोखंडी सांगाड्याचा) बाहेरच्या बाजूचा दांडा नाही. गाडी उलटली तर तीच बोटं दांडा आणि जमीन यांच्यामध्ये येतात.

उलटल्यावर भार पेलतो तो केज. पॅनल काढल्याने केज कमजोर होत नाही, पण डोकं आणि खांदे बाहेर जायला जागा होते. म्हणून छत उघडं असताना सीटबेल्ट सैल ठेवू नका. मागच्या सीटवरच्यांचाही पट्टा स्वतः ओढून बघा.

काचा खाली असाव्यात अशी एक जागा मात्र आहे, ती म्हणजे पाण्यातून जाताना. पाणी शिरल्यावर इलेक्ट्रिक काचा अडकू शकतात आणि बाहेरच्या दाबामुळे दार उघडत नाही. नदी-ओढ्याच्या पात्रात उतरण्याआधीच काचा खाली घ्या. खडकाळ चढावरही उघडी काच कामाची, कारण स्पॉटरचा (बाहेर उभं राहून वाट दाखवणाऱ्याचा) आवाज, दगडाला घासणारं टायर, हवा सुटल्याची सुसकारी हे सगळं तिच्यातूनच ऐकू येतं.

टोपी, कागद, रिकाम्या पिशव्या झिपच्या खणात ठेवा. उडालेला कागद चालकाच्या तोंडावर यायला क्षण लागतो. वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही, म्हणून तहान लागण्याची वाट न बघता पाणी पीत राहा.

पुन्हा लावल्यावर गळती

गळती झाली की लोक लगेच नवं रबर मागवतात. बऱ्याचदा सीलवर वाळूचे चार कण अडकलेले असतात, एवढंच. ओल्या फडक्याने सील आणि पॅनलची कड दोन्ही पुसून घ्या, वाळल्यावर सिलिकॉनचं वंगण बोटाने पातळ लावा. पेट्रोलियम जेली किंवा ग्रीस नको, त्याने रबर फुगतं.

तरीही थेंब पडत असेल तर कागदाची पट्टी सीलवर ठेवून पॅनल बंद करा आणि पट्टी ओढा. सहज सरकली तर तिथे दाब कमी आहे. मग एकाला आत बसवून बाहेरून पाइपने हळू पाणी सोडा, खालच्या कडेपासून सुरुवात करून वर जा. वरूनच पाणी ओतलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि फट सापडत नाही. आतल्या माणसाने पहिला थेंब दिसताच ओरडायचं, आणि बाहेरच्याने त्याच जागी खडूची खूण करायची.