कुत्र्याचा ताप उतरून परत चढतोय? माझा अनुभव

मे महिन्यात अमळनेरजवळ शेतावर आमच्या चंपीला ताप आला, भाकरीला तोंड लावेना. दोनदा खासगीत तापाचं इंजेक्शन दिलं. दोन दिवस बरी, तिसऱ्या दिवशी अंग परत तापलेलं. नाकातून रक्त आलं तेव्हा माझा धीरच सुटला.

मग ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, पांढुरक्या होत्या. कानात आणि बोटांच्या बेचक्यात एरंडीच्या बीसारख्या टम्म गोचिडी. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. केसपेपरला नाममात्र पैसे लागले. आधीची दोन्ही इंजेक्शनं सांगितली आणि रक्ततपासणीच मागितली. जांभळ्या टोपणाच्या नळीतलं रक्त जळगावच्या लॅबला दिलं. प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) फार कमी, निदान एर्लिकिया, म्हणजे गोचीडताप.

डॉक्टरांनी वजन करून डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा डोस ठरवला, २८ दिवस. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव (कंपनीचं नव्हे) लिहून घ्या. मी तसं केलं, त्यामुळे जनऔषधी केंद्रात गोळ्या स्वस्त पडल्या. गोळी खाण्यानंतरच द्यायची, वर पाणी पाजायचं, नाहीतर अन्ननलिकेत अडकून जखम होते. चौथ्या दिवशी चंपीने दूधभाकरी चाटूनपुसून खाल्ली, तरी गोळ्या थांबवल्या नाहीत. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी दिलेलं गोचिडीचं औषध तिच्या अंगाला लावलं आणि गोठ्याच्या भिंतीतल्या भेगा लिंपल्या. गोचिडी तिथेच अंडी घालतात.